पडद्यामागची डावरी

टीव्हीवर उडणारी बाई दिसली की मी आधी तिचा हात पाहते. ती कोणत्या हाताने मारते ते. घरचे म्हणतात, हात काय बघता, गोष्ट पाहा. गोष्ट मला ठाऊक आहे. आधी ती साधी असते, मग तिला काहीतरी होतं, मग ती कोणाचं ऐकत नाही. असा पिक्चर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी थोरली पोरगी सोळा वर्षांची होती, आणि ती डावरी होती.

आमचं गाव नागभीडहून ब्रह्मपुरीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. बांधी म्हणजे भाताचं खाचर. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी घरातले देव वैनगंगेत सोडले आणि धर्म बदलला. देव गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. डाव्या हाताचा विटाळ मात्र कोणी नदीवर नेला नाही. डाव्या हाताने वाढलेलं माझी सासू खात नसे. पोरगी चार वर्षांची असताना सासूने तिच्या डाव्या तळहाताला बिब्बा लावला. म्हणजे फोड येतील, हात दुखेल आणि पोरगी उजव्या हाताने खाईल. फोड आले. पंधरा दिवस पोरगी उजव्या हाताने सांडत सांडत जेवली. फोड बरे झाले आणि तिने पुन्हा डाव्या हाताने घास घेतला. शाळेत मास्तरने तिच्या डाव्या हातावर पट्टी मारली, ती त्याच हाताने लिहीत राहिली. अक्षर चांगलं होतं. सातवी झाल्यावर आम्ही तिला घरी बसवलं.

घरी बसवलं म्हणजे बांधीत उभं केलं. रोवण्यात बाया ओळीने वाकतात आणि मागे मागे सरकतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची पेंडी, उजव्या हाताने रोवायचं. सगळ्यांचे उजवे हात एकाच बाजूला चालतात म्हणून ओळ चालते. माझी पोरगी मधे उभी राहिली की तिचा डावा हात शेजारणीच्या उजव्या हातावर आपटायचा. टोळीतल्या बाया चिडायच्या.

"हे पोरगी रोवते का भांडते?"

मग त्यांनी तिची जागा ठरवून टाकली. सगळ्यात डावीकडे, बांधाच्या म्हणजे धुऱ्याच्या कडेला, जिथे काटे आणि बिळं असतात. दोन वर्षं ती तिथेच उभी राहिली.

कापणीला तर त्याहून वाईट. दात्यांचा विळा उजव्या हातासाठीच घडवतात, दाते एका बाजूला कललेले असतात. डाव्या हातात तो धान कापत नाही, नुसता ओढतो. पोरीची बोटं रक्ताळायची. तिचा बाप फार बोलणारा माणूस नव्हता. एका बाजाराच्या दिवशी तो लोहाराच्या भात्याजवळ जाऊन बसला आणि उलट्या दात्यांचा विळा करून मागितला.

लोहार म्हणाला, "भाऊ, असा इळा म्या जन्मात केला नाई. पोरगी सासरी गेली का याचं काय करसान? घरात दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाई हा."

"पोरगी संग नेईन," बाप म्हणाला.

त्या हंगामात पोरगी कापणीत माझ्या पुढे गेली. मी गावात सगळ्यात चांगली कापणारी समजली जायची. ती पुढे गेली हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, धान फुलावर असताना, गोंडपिपरीकडचं एक स्थळ सांगून आलं. पोरगा चांद्याला बसगाड्या दुरुस्त करायच्या कामाला होता. महिन्याचा पगार. आमच्या सोयऱ्यांत तोवर कोणाला पगार नव्हता. स्थळ आणणाऱ्या बाईने विचारलं, पोरीत काही खोड नाही ना. सासू म्हणाली, नाही. मीही म्हटलं, नाही. पाहुणे मंडई झाल्यावर येणार होते. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा. मधे दीड महिना होता. एवढ्यात पोरीचा हात वळवायचा. हे स्थळ गेलं तर ती धुऱ्याच्या कडेलाच म्हातारी होईल, असं मला वाटत होतं. आजही वाटतं, की झाली असती.

मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि सकाळी उठल्यावर तिचा डावा हात कमरेशी बांधायला लागले. झोपताना सोडायची. चहा गाळणं, पाणी भरणं, भाकरी वाढणं सगळं उजव्या हाताने. बांधताना ती हात पुढे करायची. रडली नाही. कपबशा मात्र फोडल्या. सासू रोज तिच्यासमोर पाहुण्यासारखी बसायची आणि म्हणायची, "दे चहा." बशीतला चहा सासूच्या पायावर सांडायचा. "पुन्हा दे."

मंडईला तंबूतला सिनेमा आला. दुपारपासून बैलगाडीवर भोंगा फिरत होता. त्यात सांगत होते की, गरीब घरच्या पोरीच्या हातात आभाळातली ताकद कशी आली ते पाहा, आयाबहिणींनी जरूर पाहा. माझी जाऊ म्हणाली, चला. मी पोरीला घेतलं. चिंधी तशीच होती, वरून पदर ओढला.

तंबूच्या मधोमध पडदा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूला. पडद्यावर अधूनमधून पाणी मारायचे, म्हणजे कापड ओलं होऊन चित्र आमच्याकडेही नीट उमटायचं. आमच्या बाजूचं तिकीट निम्मं होतं. का निम्मं, ते आम्ही विचारलं नाही. बायकांचं सगळंच निम्मं असतं.

पिक्चर तेलंगणाकडचा, हिंदीत बोलता केलेला. सुरुवातीला पाट्या आल्या, त्या मला वाचता आल्या नाहीत. मी चौथी शिकलेली.

"काय लिहून हाये वो?" मी पोरीला विचारलं.

तिने मान वाकडी करून पाहिलं. "तेलुगू असन, माय."

सिरोंचाकडून येणाऱ्या माणसांच्या कागदांवर आम्ही तशी अक्षरं पाहिली होती. तशी म्हणजे वाचता न येणारी. जे वाचता येत नाही ते तेलुगू, एवढंच आम्हाला तेलुगू येत होतं.

जाऊ म्हणाली, "पदर पाह्य तिचा. उजव्या खांद्यावर घेतला."

"तिकडच्या बाया घेत असतीन तसाच."

"पोलीसवाला बी डाव्या हातानं सलाम करून राह्यला."

"तिकडची रीत असन. तू गप बस आता."

पिक्चरमधली पोरगी चुन्याच्या भट्टीवर कामाला होती. दगड फोडायची, मालकाचा माणूस तिच्यावर ओरडायचा. एका संध्याकाळी आभाळातून जळता गोळा खदानीत पडला. सगळे पळाले. तिने जाऊन तो उचलला. गोळा तिच्या तळहातात विरघळला आणि हात मनगटापर्यंत निळा झाला. तो हात डावा होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मग घरी आल्यावर तिला तो हात सांभाळता येईना. घागर धरली, घागर फुटली. दाराची कडी ओढली, दार हातात आलं. गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली, म्हैस खाली बसली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग तिच्या आईने काय केलं, तर एक फडकं घेतलं आणि तिचा तो हात बांधून टाकला. रडत रडत सांगितलं, कोणाला दाखवू नको.

आजूबाजूच्या बायांचं हसणं थांबलं. तिघीचौघी वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. गावात लपून काही राहत नाही, चिंधीचं सगळ्यांना माहीत होतं.

जाऊ म्हणाली, "बाई, हे त तुमचंच घर हाये."

मागून कोणीतरी बोललं, "हिनं चिंधी सोडली त आपल्या टोळीवाल्या बायांचं खरं नाई. धुऱ्यापल्याड फेकन."

पुन्हा हशा. मी समोर पाहत राहिले.

शेवटी भट्टीचा मालक तिच्या आईला भट्टीत ढकलायला निघतो. पोरगी दातांनी फडकं सोडते. एवढंच. दातांनी गाठ सोडते आणि हात वर करते. मग ट्रक काय, भिंत काय, माणसं काय, सगळं उडालं. ती स्वतःही उडाली, खालची भट्टी एवढीशी दिसायला लागली. पलीकडून पुरुषांच्या शिट्ट्या येत होत्या. दिवे लागले तेव्हा माझ्या पोरीच्या मांडीवर चिंधी घडी करून ठेवलेली होती. गाठ तिने कशी सोडली ते मी पाहिलं नाही.

घरी येताना रस्त्याने ती म्हणाली, "माय, ते डावरी होती."

"होती."

"इतक्या लोकायनं पाह्यलं. कोणी हासलं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी खुंटीवर होती आणि पोरगी डाव्या हाताने चूल पेटवत होती. सासू मला म्हणाली, "बांध तिचा हात. पाहुणे आले का तोंड कुठी लपवशीन?"

मी म्हटलं, "राहू द्या. हात तिचाच हाये. चोरून आणला नाई."

सासूने माझ्याकडे असं पाहिलं, जसे काही मीच पुन्हा देव घरात आणून मांडले. पण मी ते बोलले. मला खरंच वाटलं होतं की बाहेर कुठेतरी, जिथे पिक्चर बनतात तिथे, डाव्या हाताचं आता कोणाला काही वाटत नाही. आमच्या गावाला फक्त कळायला उशीर झाला. पगार असलेल्या पोराला हे माहीत असेल, तो चांद्यात राहतो. असा विचार मी केला. पुढे जे झालं त्यात माझी चूक कोणती, तर हीच. बांधण्याची नव्हे.

पाहुणे आले. पोरगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मामाच बोलणारा होता. पोरीचा बाप त्यांच्यासमोर बाजेच्या कोपऱ्यावर बसला. सासू दाराशी. पोरगी आत ताटलीत कप ठेवत होती. मी तिला सांगू शकले असते. एक शब्द पुरला असता. मी दूध झाकत राहिले.

ती बाहेर गेली आणि मामाला डाव्या हाताने कप दिला. मामाने घेतला नाही.

"पोरी, कोणत्या हातानं देऊन राह्यली?"

"डाव्या."

"काऊन? उजव्याले काय झालं?"

"काई नाई झालं. मी डावरी हाओ."

पोराच्या आईने आपला कप खाली ठेवला. सासूने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. मामा पोरीच्या बापाकडे वळला. "भाऊ, हे आमाले सांगतलं नव्हतं."

बापाच्या आधी पोरगीच बोलली. आमच्याकडे तेव्हा पाहायला आलेल्यांसमोर पोरी नाव सांगतात आणि खाली बघतात, त्यापुढे बोलत नाहीत. ती म्हणाली, "मंडईत तो पिक्चर आला होता, निळ्या हाताच्या बाईचा. ते बी डावरीच होती. तिची सारी ताकद डाव्या हातात होती."

मामाला काही समजलं नाही. पोराने पहिल्यांदा तोंड उघडलं. "भट्टीवाला पिक्चर? तो म्या चांद्याले दोन डाव पाह्यला. ते उजव्या हातानं मारते."

"नाई. डाव्या."

"उजव्या. मले पक्कं याद हाये."

"आमी सगळ्यायनं पाह्यलं," पोरगी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दारात आले होते. मी म्हटलं, "डावाच होता, भाऊ. सगळ्या बायांनी पाह्यला."

पोराने विचारलं, "तुमी बसल्या कुठी होत्या?"

"बायांच्या बाजूनं."

"म्हंजे पडद्याच्या मागं?"

आणि तो हसायला लागला. वाईट हसणं नव्हतं. तो उठला, भिंतीवरचं खताच्या दुकानाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. त्यावर विळा घेतलेला शेतकरी होता, विळा उजव्या हातात. कागद पातळ, मागून कोरा. दाराच्या उजेडात त्याने तो आमच्याकडे पाठ करून धरला. मागून शेतकरी दिसला, फिकट. विळा डाव्या हातात.

"पाहा," तो म्हणाला. "मागून पाह्यलं का सारेच डावरे."

मामा मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे मागून पाह्यलं त मी बी डावरा. अन् याची बस बी उलटी जाते." पोराची आई हसली. सासू पदराआडून हसली. आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं, तो उजव्या खांद्यावरचा पदर, डाव्या हाताचा सलाम, ती तेलुगू पाटी. मीही हसले. मोठ्याने हसले. पोरीचा बाप हसला नाही.

पोरगी कॅलेंडरकडे पाहत होती. म्हणाली, "आणखी एक डाव दाखवा."

त्याने पुढून दाखवलं, मग मागून.

"बरं," ती म्हणाली. मामासमोरचा कप उचलला आणि उजव्या हाताने पुन्हा पुढे केला. बशीत थोडा सांडला. मामाने घेतला.

जाताना मामा म्हणाला, "पोरगी खोटं बोलत नाई, हे चांगलं. पण आमच्या घरी चार लोकायले वाढा लागते. लग्नापावतर हात वळवून घ्या. बाकी आमची ना नाई." पोरगा कॅलेंडर खिळ्याला परत अडकवत होता, ते सरळ बसत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर पोरीने खुंटीवरची चिंधी आणून माझ्यासमोर धरली.

"बांध."

"आजच्या दिवस राहू दे."

"बांध, माय."

मी बांधला. तो हिवाळाभर, पुढचा उन्हाळा लागेपर्यंत बांधत होते. शेवटी शेवटी बांधायची गरज नव्हती, हात नुसताच कमरेशी राहायचा. चिंधी ती सवयीने आणून द्यायची. लग्नात तिने पंगतीला उजव्या हाताने वरण वाढलं. कोणाच्या लक्षात काही आलं नाही. सासू खूश होती.

सासरी निघायच्या आदल्या दिवशी बापाने छपरातून तो उलट्या दात्यांचा विळा काढला, तेल लावलेला. तिने पाहिला. "हे कोणाले दाखवू मी तिथी?" म्हणाली, आणि होता तिथे खोचून ठेवला. बाप अंगणात जाऊन बसला. सिनेमाबद्दल घरात पुन्हा कोणी बोललं नाही. एकदा जावेने गंमत काढली तेव्हा पोरगी उठून आत गेली.

तीन वर्षांनी तिचा बाप वारला, धान पिवळा पडायच्या वेळेला. कापायला माणूस नव्हतं. ती लेकरू कडेवर घेऊन आली. नवरा चांगला आहे म्हणाली. मारत नाही. पगार सासूच्या हातात देतो. मी फार विचारलं नाही. जेवताना पाहिलं, उजव्या हाताने जेवत होती आणि डावा हात मांडीखाली घेतला होता. बसताना आपोआप घेतला असावा.

सकाळी बांधीवर जाताना मी छपरातला विळा सोबत घेतला. गंज घासून काढला होता. तिच्यासमोर धरला. तिने तो उजव्या हाताने घेतला. धानाची मूठ धरून ओढला. धाटं वाकली, तुटली नाहीत. पुन्हा ओढला.

"डाव्या हातानं धर," मी म्हटलं. "तुहाच हाये तो."

तिने विळा डाव्या हातात घेतला. दोन मुठी कापल्या. आवाज तोच आला, सरसर, पहिल्यासारखा. मग ती थांबली आणि शेजारच्या बांधीकडे पाहिलं. तिकडच्या बाया वाकलेल्या होत्या, एकीचंही लक्ष नव्हतं. तरी तिने विळा धुऱ्यावर ठेवला.

"तुहा दे, माय."

मी माझा विळा तिला दिला. उलट्या दात्यांचा माझ्या काही कामाचा नव्हता. मग मी कापलंच नाही, तिने टाकलेल्या मुठी गोळा करून रचत तिच्या मागून चालले. ती उजव्या हाताने कापत होती. सावकाश, आणि वाईट. तिच्या मागे जागोजागी अर्धवट तुटलेली धाटं उभी राहत होती. शेजारच्या बाया वर बघायच्या आत मी ती हाताने उपटत गेले.